तारकर्ली ते लातूर : स्कुबाचं गियर धुवायचं कुठं?

डाइव्ह मस्त झाले, पाणी नितळ होतं, जेवणही झकास. ते राहू द्या. लातूर-बीडकडून स्वतःचं गियर घेऊन निघणार असाल तर वर आल्यानंतरचं ऐका.

बुकिंग करताना फोनवर सांगितलं, "गोड्या पाण्याची सोय आहे, काळजीच करू नका." सोय म्हणजे एक निळा ड्रम. सकाळपासूनचे सगळ्यांचे बूट त्यातच बुचकळलेले, तळाला बोटभर वाळू, आणि पाणी जिभेला लावलं तर चक्क खारट! त्याचे माणशी २०० रुपये. भांडलो, द्यावे लागलेच. मालवणातच २० लिटरचे दोन जार आणि मोठा टब घ्या. ड्रमकडे फिरकूही नका.

कारण पुढं फोंडा घाट, कोल्हापूर, सोलापूर, तुळजापूर करत दिवस जातो. डिकीतल्या उकाड्यात मीठ वाळून खडे होतात. घरी इन्फ्लेटरचं (बीसीडीत, म्हणजे हवा भरून तरंगायच्या जॅकेटात, हवा सोडायचं) बटण दाबलं तर आत गेलेलं वर येईना. कडेला पांढरी किनार. पाण्याखाली हे झालं तर बीसीडी फुगतच राहते आणि माणूस बुचासारखा वर फेकला जातो. फुप्फुसांशी खेळ आहे हा.

वाटेत वॉशिंग सेंटरवाला "प्रेशरनं मारून देतो" म्हणेल. अजिबात नको, वाळू सिलांच्या आत घुसते.

२०१६ ला रेल्वेनं पाणी आलेल्या गावचे आपण, तेव्हा पाणी पुरवून वापरा. आधी मास्क आणि रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी आणणारं यंत्र), त्याच पाण्यात बीसीडी, शेवटी वेटसूट आणि बूट. रेग्युलेटरची डस्ट कॅप (टाकीला जोडायच्या तोंडावरचं झाकण) कोरडी पुसून घट्ट लावा, मगच भिजत घाला. भिजताना पर्ज बटण (तोंडात धरायच्या भागावरचं, हवा सोडायचं) दाबायचं नाही, पाणी होजमधून थेट फर्स्ट स्टेजमध्ये, म्हणजे टाकीला जोडायच्या भागात जातं. बीसीडीत फुंकायच्या तोंडाकडून पाणी भरा, थोडी हवा फुंका, खळखळवून इन्फ्लेटर आणि डंप व्हॉल्व्ह (हवा बाहेर सोडायची झडप) दोन्हीकडून काढा. पहिलं पाणी खारटच निघेल, पुन्हा भरा.

आपलं बोअरचं पाणी जड. भिजवायला चालतं, शेवटचा हात मात्र जारच्या पाण्याचा. वाळवण सावलीत. मे महिन्यात गच्चीवर टाकलेला वेटसूट गेलाच म्हणून समजा. आणि तो रुंद हँगरवर टांगा, तारेच्या हँगरनं खांद्यावर कायमची घडी पडते.