रक्त घेताना कोपरातली मधलीच शीर का?

हात कोपरात सरळ केला की पुढच्या खळग्यात एक तिरकी शीर बोटाला लागते. तीच मीडियन क्युबिटल व्हेन. मीडियन म्हणजे मधली, क्युबिटल म्हणजे कोपराची. अंगठ्याच्या बाजूची सेफॅलिक आणि करंगळीच्या बाजूची बॅसिलिक या दोन शिरांना ती जोडते. सगळ्यांच्या हातात ही रचना सारखी नसते, म्हणून शीर डोळ्यांनी नाही, बोटाने शोधायची.

ती पहिली पसंती असण्याचं कारण तिच्या खाली आहे. दंडाच्या बायसेप्स स्नायूपासून निघालेला एक चिवट पडदा तिच्याखालून जातो. त्याच्याखाली धमनी आणि मीडियन नर्व्ह (हातातला एक मोठा मज्जातंतू) असतात, म्हणजे सुई थोडी खोल गेली तरी आड काहीतरी आहे. शिवाय ही शीर फारशी सरकत नाही. बॅसिलिक कधीकधी जास्त ठळक दिसते आणि मोह होतो, पण ती सुईखालून निसटते आणि तिच्या शेजारी धमनी व मज्जातंतू असतात. तिचा नंबर शेवटी.

दंड आवळायचा पट्टा (टूर्निके) सुई टोचायच्या जागेच्या 7 ते 10 सेंमी वर बांधा, 1 मिनिटापेक्षा जास्त ठेवू नका. जास्त वेळ राहिला तर रक्त दाटतं आणि प्रथिनं, कॅल्शियम वाढलेलं दिसतं. पेशंटला मूठ सारखी उघड-मीट करायला लावली तर पोटॅशियम खोटं वाढतं. ही सवय फार पसरलेली आहे, ती सोडायलाच हवी. मूठ एकदा हलकेच मिटली की पुरे.

तर्जनीने दाबून पाहा. शीर स्पंजासारखी दबून परत वर येते. ठोका लागला तर ती धमनी, दोरीसारखं कडक लागलं तर बहुधा स्नायूबंध. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, ओल्यावर टोचलं तर झोंबतं आणि रक्तपेशीही फुटू शकतात. अंगठ्याने खालची कातडी ताणून 21 गेजची सुई (गेज म्हणजे सुईच्या जाडीचं माप), तिरकं तोंड वर ठेवून, 15 ते 30 अंशांत घाला.

विजेसारखी कळ बोटांपर्यंत गेली तर मज्जातंतूला धक्का लागला असू शकतो, सुई लगेच बाहेर. आत फिरवून शीर शोधत बसू नका. लालभडक रक्त ठोक्यागणिक उसळलं तर धमनी लागली आहे. सुई काढून किमान 5 मिनिटं घट्ट दाबा.

एरवी आधी पट्टा सोडा, मग सुई काढा. उलट केलं तर आत रक्त साकळतं. कापूस दाबून कोपर दुमडायला सांगू नका. हात सरळ ठेवून 2-3 मिनिटं दाबू द्या, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर 5 मिनिटं.