ट्रान्सफर तिकिटांच्या पुस्तकाचा लेखक

फ्रँक फोलुपा नावाचा लेखक आमच्या तालिकेत नव्हता. आगगाड्या आणि ट्राम यांचा नाद असलेल्या एका वाचकाचा सगळा संग्रह त्याच्या घरच्यांनी ग्रंथालयाला दिला होता. इंजिनांच्या जाडजूड सचित्र पुस्तकांखाली एक बांधून घेतलेली झेरॉक्स प्रत निघाली. ‘नोट्स ऑन द कलेक्शन ऑफ ट्रान्सफर्स’, डोरन्स कंपनी, फिलाडेल्फिया, १९२६. तीनशेवर पानं, आणि विषय काय, तर ट्रामच्या ट्रान्सफर तिकिटांचा संग्रह कसा करावा!

दाखल अंक टाकला आणि लेखकाच्या रकान्यापाशी थांबले. नवं नाव असलं की ते कोणाचं, जन्म-मृत्यू कधीचे, दुसऱ्या कुठल्या नावाने लेखन आहे का, हे तपासल्याशिवाय आम्ही नोंद करत नाही. तपासायचं काम प्रशिक्षणाला आलेल्या मुलाला दिलं. पाचच मिनिटांत तो जवळपास ओरडलाच.

“मॅडम, हा फोलुपा म्हणजे विल्यम जेम्स सायडिस! जगातला सगळ्यांत हुशार माणूस. आयक्यू तीनशे!”

“कोणी मोजला?”

तो बराच वेळ मोबाइल वर-खाली करत राहिला. मोजल्याचा पुरावा त्याला मिळाला नाही. असा आकडा सांगणाऱ्या पानांना मात्र तोटा नव्हता.

सायडिसच्या बाबतीत कागदावर असलेल्या गोष्टी त्या आकड्याशिवायही पुरेशा चक्रावणाऱ्या आहेत. जन्म १ एप्रिल १८९८. वडील बोरिस सायडिस मानसशास्त्रज्ञ, आई सारा डॉक्टर झालेली. १९०९ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, हार्वर्डमध्ये प्रवेश. पुढच्या जानेवारीत तिथल्या गणित मंडळापुढे चार मितींच्या आकृत्यांवर व्याख्यान, आणि दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांचा ससेमिरा. सोळाव्या वर्षी पदवी, मग ह्यूस्टनच्या राइस इन्स्टिट्यूटमध्ये थोडा काळ अध्यापन, मग कायद्याचं शिक्षण अर्धवट, १९१९च्या मे दिनाच्या मोर्चात अटक. त्यानंतर तो मुद्दाम दिसेनासा झाला. कारकुनी करायची, आकडेमोडीची यंत्रं चालवायची, आणि कोणी ओळखलं की नोकरी बदलायची.

एवढ्यावर बहुतेक लोक गोष्ट संपवतात: हुशार पोरगं वाया गेलं. माझ्या टेबलावर मात्र त्याचं पुस्तक होतं. दुपारचा डबा बाजूला ठेवून मी ते वाचायला घेतलं, आणि ठरवलेल्या कामांपैकी त्या दिवशी दुसरं काही झालं नाही.

ट्रान्सफर म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. अमेरिकेतल्या ट्रामगाड्यांत एकदा भाडं दिलं की कंडक्टर एक कागदी चिठ्ठी देई. ती दाखवून दुसऱ्या मार्गाच्या गाडीत पुन्हा पैसे न भरता बसता येई. पण त्याच चिठ्ठीवर कोणी परतीचा प्रवास करू नये, चार तास बाजारहाट करून मग गाडी पकडू नये, चिठ्ठी दुसऱ्याला देऊ नये, म्हणून कंपन्यांनी त्या इवल्याशा कागदावर नाना बंधनं छापली: मार्ग, दिशा, गाडी बदलायचं ठिकाण, मुदत, सकाळ की दुपार. कंडक्टर त्यावर पंच मारून द्यायचा. प्रवास संपला की कागद रस्त्यावर.

सायडिसने या कचऱ्याचं शास्त्र केलं. शास्त्र हा शब्द मी जपून वापरते आहे. चिठ्ठीवरच्या खुणा कशा वाचायच्या, वेळ दाखवण्याच्या पद्धती किती प्रकारच्या, कुठल्या रचनेत प्रवाशाला कोणता हक्क मिळतो, संग्रह कसा लावायचा, सगळं नीट वर्गवारी करून. मी आयुष्यभर वर्गीकरणाचं काम करते आहे, तेव्हा हे मला कळतं: असं वर्गीकरण हौसेखातर एका बैठकीत होत नाही. एका चिठ्ठीवरून अख्ख्या शहराच्या वाहतुकीची रचना उलगडता येते हे त्याला दिसलं होतं. वर विनोद आहेत, आणि चक्क पद्यही: सेंट्रलला उतरून ट्रान्सफर घे आणि ऑल्स्टनला, ब्रायटनला किंवा सॉमरव्हिलला जा, अशा अर्थाचं. कविता म्हणून सामान्य. पण लिहिणारा मजेत आहे. वाया गेलेला माणूस असा लिहीत नाही.

आता नोंदीचा प्रश्न. एकाच माणसाने वेगवेगळ्या नावांनी वेगळ्या जातीचं लेखन केलं असेल, तर आमच्या नियमांनुसार प्रत्येक नावाची स्वतंत्र नोंद होते आणि त्यांच्यात ‘हेही पाहा’ असा दुवा ठेवला जातो. मराठी वाचकाला हे समजावायला गडकऱ्यांपेक्षा सोपं उदाहरण नाही: नाटकं राम गणेश गडकरी, कविता गोविंदाग्रज, विनोद बाळकराम. सायडिसचं पारडं त्याहून जडच निघालं. विश्वाच्या काही भागांत उष्मागतिकीचा दुसरा नियम (उष्णता आपोआप गरमाकडून थंडाकडेच जाते) उलटा चालत असेल का आणि सजीवांचा त्याच्याशी काय संबंध, यावरचं ‘दि अ‍ॅनिमेट अँड दि इनॅनिमेट’ हे १९२५चं पुस्तक त्याच्या खऱ्या नावावर. मूळनिवासी जमातींच्या संघटनांचा अमेरिकेच्या लोकशाहीवर झालेला परिणाम सांगणारं ‘द ट्राइब्ज अँड द स्टेट्स’ जॉन शॅटक या नावाने. ते त्याच्या हयातीत छापलंच गेलं नाही. बॉस्टन शहराविषयीचे छोटे लेख जेकब मार्मर या नावाने. भौतिकशास्त्र, इतिहास, शहरी वाहतूक, स्थानिक माहिती. आमच्या इमारतीत ही पुस्तकं ठेवायची तर तीन मजले चढावे लागतील.

दर्जा सारखा नाही, हेही सांगते. विश्वावरचं पुस्तक धाडसी आहे, पण धाडसाला प्रयोगाचा टेकू नाही. शॅटकचा इतिहास ठाम आवाजात बोलतो आणि आधार द्यायची वेळ आली की पुढे सरकतो. विद्यार्थ्याला तो संदर्भ म्हणून मी देणार नाही. तिन्हींत मला पक्कं वाटतं ते ट्रान्सफरचं.

दुपारी मुलाने एक निकालपत्र छापून आणलं आणि प्रकरण अवघड झालं. १४ ऑगस्ट १९३७ला ‘द न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाने ‘पूर्वीचे प्रसिद्ध लोक आता कुठे आहेत’ या मालिकेत सायडिसवर लेख छापला. तो तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता. त्याची खोली, तिथला पसारा, त्याचं हसणं, बोलण्याची ढब, सगळं त्यात होतं. ट्रान्सफरचा नादही होता, अर्थातच हसण्यावारी. त्याने खाजगीपणाचा भंग झाला म्हणून दावा लावला. १९४०मध्ये अपील न्यायालयाने लेख निर्दय असल्याचं स्पष्ट म्हटलं, आणि तरीही दावा फेटाळला: हा मनुष्य एकेकाळी सार्वजनिक कुतूहलाचा विषय होता, त्याचं पुढे काय झालं हे जाणून घेण्यात लोकांना रस असणं वाजवी आहे. लहानपणी त्याला कोणी विचारलं होतं का, हा प्रश्न निकालात मला सापडला नाही. अमेरिकेत खाजगीपणाच्या कायद्यावर बोलताना हा खटला आजही निघतो. सायडिस १९४४च्या जुलैमध्ये, सेहेचाळिसाव्या वर्षी, मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला.

आणि गंमत बघा: त्या लेखाखाली जेरेड मॅन्ले असं नाव होतं, आणि मॅन्ले म्हणजे अमेरिकन विनोदी लेखक जेम्स थर्बर. टोपणनावामागे बसलेल्या लेखकाने टोपणनावामागच्या लेखकाला बाहेर ओढलं, आणि न्यायालयात हरला तो दुसरा.

मग मी त्याच्या नावांमध्ये दुवा जोडायचा की नाही? थोडा वेळ मी खरंच हात आखडला. पण ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा चौथा नियम आम्हाला पहिल्या वर्षापासून पाठ असतो: वाचकाचा वेळ वाचवा. सायडिसचं पुस्तक शोधणाऱ्याला फोलुपा माहीत असेलच असं नाही. माहिती सार्वजनिक आहे, माणूस कधीच गेलेला आहे. दुवा जोडला.

मुलाचं समाधान झालं नाही. विषयशीर्षकांत ‘बालप्रतिभा’ घालायलाच हवं, असा त्याचा हट्ट.

“मॅडम, लोक तेच शोधणार ना?”

“शोधू देत. नॉर्बर्ट वीनरच्या आत्मचरित्राला ते शीर्षक आहे.”

गणितज्ञ वीनरही असाच. अकराव्या वर्षी टफ्ट्स कॉलेजात, अठराव्या वर्षी हार्वर्डची डॉक्टरेट, आणि सायडिस हार्वर्डमध्ये आला त्याच सुमारास तोही तिथे होता. पुढे त्याने सायबरनेटिक्सवर, म्हणजे यंत्रं आणि सजीव यांच्यातल्या नियंत्रणाच्या आणि संदेशांच्या शास्त्रावर लिहिलं, यंत्रयुगातल्या माणसावर लिहिलं, आणि १९५३मध्ये ‘एक्स-प्रॉडिजी’ (माजी बालप्रतिभा) हे आत्मचरित्र. तो शिक्का त्याने स्वतःच उचलून मुखपृष्ठावर छापला. त्याच पुस्तकात सायडिसवर झालेल्या अन्यायाबद्दलही लिहिलं. तिथे ते शीर्षक लागू पडतं, कारण पुस्तक त्याविषयीच आहे. ट्रान्सफरचं पुस्तक कुणाच्या बालपणाविषयी नाही. विषय ठरतो तो पुस्तकात काय आहे त्यावरून.

“पण मग कोणी उघडेल का हे पुस्तक?”

“ट्रामवाला उघडेल.”

तो हसला, पण पटलेलं दिसलं नाही. टीपेच्या रकान्यात त्याने तो आयक्यूचा आकडा आधीच टाइप करून ठेवला होता. तो मी त्याच्यादेखत काढला. तिथे त्याच्याकडून इतकंच लिहून घेतलं: लेखकाचं मूळ नाव विल्यम जेम्स सायडिस, हेही पाहा शॅटक, मार्मर. वर्गांक शहरी वाहतुकीचा. मग कपाळाला आठ्या घालून तो मॅन्लेची नोंद उघडून बसला, कारण तिथे थर्बरचा दुवा कोणी जोडलाच नव्हता.