सोलला रबर लावलं, तरी चौथ्या दिवशी निघालं?

नवा बूट ओल्या टाइलवर सरकतो, कारण सोल साच्यातून सुटावा म्हणून मारलेलं मेण किंवा सिलिकॉन तळाला राहिलेलं असतं. साबणाच्या पाण्यानं घासा, वाळवा, 80 नंबरच्या पॉलिश पेपरनं चमक जाईपर्यंत खरवडा. दहा मिनिटांचं काम.

जुन्या बुटाच्या खाचा झिजलेल्या असतात, त्यामुळे पाण्याला बाजूला जायला वाट नसते. त्याखाली 2 मिलिमीटर जाडीची खाचांची रबर शीट लावायची. इथेच माझं डोकं फिरतं. ‘दोन्हीकडे सोल्युशन लावा, दाबा, झालं’ असं जो तो सांगतो, आणि चार दिवसांत शीट पुढून जीभ बाहेर काढते. मग पुन्हा सोल्युशन, पुन्हा तेच.

आधी उपटलेल्या जागेला बोट लावून बघा. सोल्युशन कोरडं, पापुद्र्यासारखं सुटलं असेल तर खरवडणं कमी पडलं किंवा दाबायच्या आधी ते जास्त वाळलं. आत ओलं आणि थिनरचा वास असेल तर घाई झाली. पण पाकासारखी तार येत असेल, तर सोल पीव्हीसीचा आहे. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं प्लॅस्टिसायझर घालतात. ते हळूहळू झिरपून नेहमीच्या पिवळ्या निओप्रीन सोल्युशनला परत चिकचिकीत करतं. अशा सोलवर तेच सोल्युशन कितीही जाड थापा, ते सुटणारच. हे दुकानदार सांगत नाहीत, कारण त्यांच्याकडे बहुधा तोच एक डबा असतो.

पीव्हीसी ओळखायचं कसं? तांब्याची उघडी तार पकडीत धरून निळ्या ज्योतीत लाल करायची, सोलच्या कडेला टेकवायची, परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की पीव्हीसी. तारेवरचं प्लास्टिकचं आवरण पूर्ण काढलेलं हवं, आणि ज्या जागी तार टेकवायची तिथे जुनं सोल्युशन नको, कारण त्या दोन्हींतही क्लोरीन असतं आणि ज्योत उगाच हिरवी होते. हे गॅलरीत करा, धूर नाकात जाऊ देऊ नका.

पीव्हीसीला चपलांच्या कामाचं पीयू (पॉलियुरेथेन) सोल्युशन लागतं. बहुतेक पीयू सोल्युशनं थर वाळल्यावर हेअर ड्रायरनं गरम करून, गरम असतानाच दाबावी लागतात. डब्यावरच्या सूचना वाचा.

साध्या रबरी सोलला पिवळं सोल्युशन उत्तम धरतं. 60 नंबरच्या पेपरनं सोल आणि शीट दोन्ही खरवडा, धूळ ब्रशनं झाडा, स्पिरिटनं पुसा. अॅसिटोन नको, टीपीआर (रबरासारखं मऊ प्लास्टिक) आणि पीव्हीसीचे सोल त्यानं खराब होऊ शकतात. दोन्हीकडे पातळ थर, मग 10 ते 15 मिनिटं थांबा. बोट लावलं तर चिकटता कामा नये. पावसाळी दमट हवेत थिनर उडताना थर गार होतो आणि त्यावर बाष्प धरतं. थर पांढुरका दिसला तर ड्रायरनं किंचित कोमट करून वाळवा, तसाच दाबू नका. शीट एकदा टेकली की सरकवता येत नाही. पायाच्या कमानीकडून सुरुवात करून चवड्याकडे दाबत न्या, म्हणजे हवा बाहेर पडते. मग हातोडीनं सगळीकडे ठोका. 24 तास घालू नका. कडा त्यानंतरच कापायच्या.

हो, शीट लावण्याआधी तिच्या दोन्ही टोकांना धारदार पात्यानं उतार द्यायचा राहिला. उभी कड फरशीच्या सांध्यात अडकते आणि तिथूनच सुटायला लागते.

नुसत्या चवड्याला शीट लावून भागत नाही. चालताना आधी टाच टेकते आणि बऱ्याचदा घसरणही तिथूनच सुरू होते. टाचेला ठोकलेली लोखंडी नाल असेल तर काढा, गुळगुळीत फरशीवर ती बर्फासारखी सरकते. कोल्हापुरीचा चामडी तळ भिजलेला असेल तर दोन दिवस सावलीत वाळवूनच खाली रबर लावा. ग्लू गनचे ठिपके मात्र लावू नका, ते ओल्यात आणखी सरकतात.

आणि खरं तर सगळ्यात आधी बघायचं ते हे: सोल पीयूचा आणि बूट बरीच वर्षं खोक्यात पडून असेल, तर तळाला नख रुतवा. दमटपणानं पीयू आतून कुजतं. भुगा पडला तर त्याला शीट लावू नका, कारण सोल्युशन धरेल आणि सोलच तुटून येईल.