तुरटाला तोंडी लावायला

ब्युनोस आयरेसमध्ये रात्रीचं जेवण नऊ-साडेनऊच्या आधी सुरू होत नाही. आम्ही स्टेक खायला आठलाच जाऊन बसलो. लग्नाला मुहूर्ताच्या दोन तास आधी पोचणाऱ्या पाहुण्याकडे मांडववाले जसं बघतात, तसं वेटरनं आमच्याकडे बघितलं आणि वेळ काढायला म्हणून वाइनची यादी हातात दिली. चौदा पानं होती.

"तू नाशिकचा ना, मग तूच ठरव," बायको म्हणाली.

नाशिककरांवर हा अन्याय हल्ली सर्रास होतो. पूर्वी नाशिकचा म्हटलं की लोक चिवड्याबद्दल विचारायचे, फार तर कुंभमेळ्याबद्दल. सन 2000 मध्ये सुलाची वाइनरी सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत आम्ही सगळे जाणकार ठरलो. आमची दिंडोरी तालुक्यात बाग आहे हे खरं, पण ती थॉमसनची, खायच्या द्राक्षांची. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, घड जीए नावाच्या संजीवकात बुडवायचे, मणी फुगवायचे, एवढं मला कळतं. ज्वारी पिकवणाऱ्याला भाकरी थापता येतेच असं नाही.

यादीत प्रत्येक बाटलीपुढे वर्णन होतं. आलुबुखार, तंबाखू, चामडं. तंबाखू आणि चामड्याचा वास आमच्या मुक्कामी एसटीलाही यायचा, त्याचे कुणी जादा पैसे घेतले नाहीत.

मग मी अण्णांची आठवण काढली. गावात कुणीतरी पहिल्यांदा वाइनची द्राक्षं लावली तेव्हा अण्णा बघायला गेले होते. वाटाण्याएवढे मणी, जाड साल, आत बिया. अण्णांनी दोन मणी तोंडात टाकले, नीट चावले आणि बांधावर थुंकले. "गोड आहे, पण तुरट आहे," म्हणाले. मला विचाराल तर तांबड्या वाइनबद्दल यापेक्षा नेमकं कुणी बोललेलं नाही. तो तुरटपणा सालीत आणि बियांत असतो. तांबडी वाइन करताना रस साली-बियांसकट आंबवतात, म्हणून तो बाटलीत उतरतो. आपल्याला हा शब्द कुणी शिकवावा लागत नाही. हिरडा, सुपारी, कच्चं केळं, जांभूळ. षड्‌रसांत त्याला स्वतंत्र पाट मांडलेला आहे.

तुरट म्हणजे काय होतं? टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला खरखरीत लागते. कोऱ्या चहात दूध घातलं की तो मवाळ होतो, कारण टॅनिनला धरायला दुधातली प्रथिनं मिळतात. स्टेकचंही तेच. मांसातली प्रथिनं आणि चरबी तोंडात असली की वाइन आपल्या जिभेला सोडते आणि त्यांच्यामागे लागते. वर मिठानं कडवटपणा दबतो. उलट बाजूनं, चरबीनं तोंड मिटायला आलं की तो तुरट घोट ते धुऊन काढतो आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. याला आपल्याकडे तोंडी लावणं म्हणतात. पिठल्याबरोबर ठेचा कुणी पुस्तक बघून ठरवला नाही.

याच ज्ञानाच्या जोरावर मी एकदा घरी फजिती करून घेतली होती. काळ्या मसाल्याचं मटण, चांगलं झणझणीत, आणि त्याबरोबर मोठ्या हौसेनं आणलेली काबर्ने नावाची दणकट तांबडी वाइन. मांस आहे, चरबी आहे, मग जमेलच की! पण मद्यार्क तिखटाची आग वाढवतो आणि त्यात तुरटपणा. पाहुण्यांनी पहिल्या घोटानंतर पाण्याचे तांबे रिकामे केले. आपल्या मसाल्यांना ही सोयरीक मानवत नाही.

स्टेकमध्ये मसालाच नसतो, ही तर गंमत आहे. त्यांच्या परीशात, म्हणजे मांस भाजून देणाऱ्या खानावळीत (लिहितात निराळं, पण तिथले लोक असंच म्हणतात), लाकडाच्या निखाऱ्यांवर जाळी, जाळीवर मांस, त्यावर जाडं मीठ. संपलं. लसूण, ओरेगानो, व्हिनेगर घातलेली चिमिचुरी बाजूला वाटीत, हवी तर घ्या. ताटात नेमकं काय येणार होतं ते मी घरी सांगितलेलं नाही. आई हे असलं वाचत नाही, हाच भरवसा. वेटरनं विचारलं, "हुगोसो?" म्हणजे रसदार ठेवू का. मी हो म्हणालो. फार भाजलेलं मांस कोरडं पडतं आणि मग वाइनचा तुरटपणा अंगावर येतो. लोमो, म्हणजे चरबी नसलेला मऊ तुकडा, मागवला असता तर हलकी वाइन चालली असती. मी मागवला ओहो दे बिफे, चरबीच्या रेघा असलेला. त्याला दमदारच हवी.

तर माल्बेक. हे द्राक्ष मूळचं फ्रान्सच्या नैर्ऋत्येतल्या काओरकडचं. तिथल्या वाइनला रंगामुळे काळी वाइन म्हणायचे. मिशेल पूजे नावाच्या फ्रेंच शेतीतज्ज्ञानं 1853 च्या सुमारास त्याची कलमं अर्जेंटिनात मेंदोसाला आणली. पुढे 1956 च्या कडाक्याच्या थंडीत काओरच्या बहुतेक वेली गेल्या, आणि इकडे माहेरापेक्षा सासरीच जास्त नाव झालं. आदल्या आठवड्यात आम्ही मेंदोसाला जाऊन आलो होतो. अँडीजच्या पायथ्याशी वर्षाला जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस, डोंगरावरच्या बर्फाचं पाणी पाटांनी बागेत. मला अगदी घरचं वाटलं ते मात्र वेलींवर ताणलेल्या जाळ्या बघून. गाइड मुलगी स्पॅनिशमिश्रित इंग्रजीत सांगायला लागली, तिला मध्येच थांबवून मी म्हटलं, "माहितेय. गारपीट." ती मराठीतच समजली असावी. आकाशाकडे बोट दाखवून तिनं नुसती मान हलवली.

माल्बेक आली. गडद जांभळी, तुरटपणा असूनही मखमली. तुकडा कापला, मीठ दाताखाली आलं, घोट घेतला. जमलं होतं. मी बायकोला प्रथिनांबद्दल सांगायला सुरुवात केली.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावर एक आजोबा-आजी येऊन बसले. त्यांच्यासाठी चिनी मातीचा पांढरा पेंग्विन आला. पेंग्विनच म्हणजे, पेंग्विनच्या आकाराचा जग, चोचीतून ओतायचा, आत घरगुती तांबडी वाइन. आजोबांनी ती ग्लासात घेतली, दोन बर्फाचे खडे टाकले आणि सायफनच्या बाटलीतून वर सोड्याची चिळकांडी मारली. आजींनी ग्लास पुढे केला, त्यातही. मग दोघं माझ्यापेक्षा मोठ्या तुकड्यावर तुटून पडले. बायको माझ्याकडे बघत होती. मी प्रथिनांचा विषय सोडला.

दुसऱ्या रात्री आम्ही पेंग्विनच मागवला. सोड्यासकट. निघायच्या दिवशी जुन्या बाजारात तसाच एक दिसला, तो कपड्यांत गुंडाळून आणला. सध्या तो दिंडोरीला असतो. कशाचा आहे ते मी सांगितलं नाही, आईनंही विचारलं नाही. ती त्यात ताक भरते. चोच चांगली आहे म्हणाली, सांडत नाही.