मेंटॉरची फाईल आणि शेवटची एसटी

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं, आज रविवार आहे आणि घरात शांतता आहे म्हणून बसलेय. मी एका तालुक्याच्या गावातल्या सीनियर कॉलेजात भूगोल शिकवते. शिकवण्याबरोबरच मी मेंटॉर पण आहे, म्हणजे दरवर्षी जूनमध्ये प्राचार्यांच्या सहीचं एक पत्र येतं आणि त्यासोबत नावांची यादी, यंदा 32 नावं. ही तुमची मुलं, त्यांना वर्षभर मार्गदर्शन करा आणि फाईल ठेवा. एवढंच. मार्गदर्शन म्हणजे नेमकं काय करायचं हे मला पहिली आठ वर्षं कुणी सांगितलं नाही आणि खरं सांगायचं तर मी पण कुणाला विचारलं नाही.

फाईल म्हणजे काय ते प्राध्यापक मंडळींना माहितीये. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, कामात मेंटॉर आणि विद्यार्थी यांचं प्रमाण द्यावं लागतं, त्याचा पुरावा म्हणून ती ठेवायची. एका विद्यार्थ्याला एक पान, त्यावर फोटो, पत्ता, पालकांचा व्यवसाय, दहावी बारावीचे मार्क आणि खाली तक्ता, तारीख, समस्या, उपाय, सही. त्यातला 'समस्या'चा रकाना जेमतेम बोटभर रुंदीचा आहे. त्यात 'आर्थिक' बसतं, 'इंग्रजी कच्चे' बसतं, 'गैरहजर' बसतं. मी वर्षानुवर्षं तेच लिहीत आले आणि उपायाच्या रकान्यात 'समुपदेशन केले'.

ही गोष्ट 2025 च्या जानेवारीतली. राज्यात संलग्न कॉलेजांना नवीन शैक्षणिक धोरण 2024-25 पासून लागू झालं, म्हणजे आमची ती पहिलीच बॅच. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सगळी अक्षरं एकदम अंगावर आली, आम्हालाच जीआर तीन तीनदा वाचावे लागत होते तर बारावी होऊन आलेल्या मुलांचं काय होत असेल. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, तो आपली शाखा सोडून दुसऱ्या शाखेचा घ्यावा लागतो, म्हणजे आर्ट्सच्या मुलीनं कॉमर्सचा किंवा सायन्सचा. आता दोन शाखांची मुलं एकाच वेळी मोकळी कधी असतात तर दुपारी, म्हणून आमच्याकडे बरेचसे ओई दुपारी दोनला लागले.

माझ्या यादीतली एक मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. मी पेपर तपासत होते. तिनं विचारलं, "मॅडम, ओई बदलून मिळतो का?" मी मान वर न करता म्हटलं, "आता नाही गं, फॉर्म भरून झालेत." ती "बरं मॅडम" म्हणाली आणि गेली. अर्धा मिनिटसुद्धा नाही. संध्याकाळी मी फाईलमध्ये लिहिलं, 'विषय बदलाबाबत विचारणा. माहिती दिली.'

फेब्रुवारीत ती यायची बंद झाली. मार्चमध्ये परीक्षेच्या फॉर्मची यादी लागली त्यात तिचं नाव नव्हतं तेव्हा मी फोन केला. मागे ट्रॅक्टरचा आवाज, बायकांचा गलका. ती आईवडिलांसोबत कारखान्यावर होती, ऊसतोडीला. हळूहळू एकेक कळत गेलं. आईवडील दिवाळीनंतर तोडीला गेले की ती आजीकडे राहायची. तिच्या फाट्यावर थांबणारी एसटी दीडला सुटते, त्यानंतरची थेट सहाला. सहाच्या एसटीनं फाट्यावर उतरायचं म्हणजे अंधार, आणि तिथून वस्तीपर्यंत दोन किलोमीटर चालत. आजी नको म्हणाली. दोनचा ओई म्हणजे आठवड्यातून दोन दिवस सहाची एसटी, तेवढ्यासाठी पोरीचं कॉलेज सुटलं.

सकाळी अकराला दुसरा ओई होता, माझ्याच शेजारच्या वर्गात. आणि मी ज्या दिवशी 'आता नाही' म्हटलं त्या दिवशी विषय बदलायची मुदत अजून चार दिवस बाकी होती. हे मला तिच्या फोननंतर ऑफिसमध्ये तारीख बघितली तेव्हा समजलं. त्या चार दिवसांचं मला आजही वाईट वाटतं.

फोनवर मी तिला सांगितलं की तुझं पहिलं सेमिस्टर पूर्ण पास आहे, ते 22 क्रेडिट तुझ्या एबीसी खात्यात, म्हणजे क्रेडिटच्या ऑनलाइन बँकेत, जमा होतात, 7 वर्षं ग्राह्य राहतात, तू परत येऊ शकतेस. ती गप्प होती. मग म्हणाली, "मला वाटलं सगळंच गेलं मॅडम. आधी माहीत असतं तर आजीला सांगितलं असतं."

तर मी हे सगळं लिहितेय ते या एका वाक्यासाठी. आपण मेंटॉरचं काम म्हणजे धीर देणं, चार चांगल्या गोष्टी सांगणं असं धरून चालतो, आणि त्याला काय ट्रेनिंग लागतंय, माणुसकी असली की झालं, असं पुष्कळ सीनियर मंडळी म्हणतात. माणुसकी माझ्यात त्या दिवशी पण होती की. नव्हती ती बरोबर माहिती, आणि समोरच्यानं विचारलेल्या प्रश्नाच्या मागचा प्रश्न ऐकायची सवय. या दोन्ही गोष्टी शिकवता येतात आणि शिकाव्या लागतात.

आता आपल्याकडे प्राध्यापकांचं ट्रेनिंग नाही असं नाही. ओरिएंटेशन आहे, रिफ्रेशर आहे, कॅस म्हणजे प्रमोशनच्या योजनेसाठी ते लागतातच, प्रमोशन त्यावर अडकलेलं असतं. 2023 पासून यूजीसीचा प्राध्यापकांच्या ट्रेनिंगचा मालवीय मिशन कार्यक्रम आहे, त्याच्या आठ विषयांत एक विद्यार्थ्यांची विविधता आणि समावेशक शिक्षण हा पण आहे, विषय चांगला आहे, मी केलाय. पण ऑनलाइन कोर्समध्ये शंभरावर लोक, कॅमेरे बंद, शेवटी गुगल फॉर्मवर प्रश्न आणि सर्टिफिकेट. दोष कुणा एकाचा नाही, पण समोर बसलेल्या पोराशी कसं बोलायचं हे असं शिकता येत नाही. पोहणं व्हिडिओ बघून येत नाही तसंच.

मग मी शोधायला लागले की बाहेर हे कसं करतात. अमेरिकेत बऱ्याच युनिव्हर्सिट्यांमध्ये अॅकॅडमिक अॅडव्हायझर ही वेगळी पूर्णवेळ नोकरीच असते. त्यांची नॅकाडा नावाची संघटना 1979 पासून आहे, कॅन्ससमध्ये तिचं ऑफिस आहे. त्यांनी 2017 मध्ये अॅडव्हायझरला काय काय यायला हवं याचा आराखडा केला, त्याचे तीन भाग, संकल्पना, माहिती आणि नातं. म्हणजे हे काम कशासाठी आहे ते कळणं, नियम-कोर्स-सुविधा पक्क्या माहीत असणं, आणि बोलणं-ऐकणं जमणं. मला हे वाचून एकदम मोकळं वाटलं कारण माझी चूक नेमकी कुठे झाली ते त्यात बोट ठेवून दाखवता येत होतं, माहिती चुकीची आणि ऐकणं शून्य. अर्थात तिकडचं सगळं इथे उचलून आणता येत नाही, तिकडे तो माणूस दिवसभर तेच काम करतो आणि आपल्याकडे सहाय्यक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास शिकवून, वर परीक्षा, एनएसएस, नॅक आणि निवडणुकीची ड्युटी करून उरलेल्या वेळात मेंटॉर व्हायचंय.

तसं आपल्याकडेही कागदावर हे आहे बरं का. यूजीसीनं 2015 मध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेबद्दल ज्या गाइडलाइन्स काढल्या त्यात 25 मुलांमागे एक शिक्षक-समुपदेशक असावा आणि त्याला त्यासाठी ट्रेनिंग द्यावं असं म्हटलंय. आपण त्यातला 25 चा आकडा घेतला, त्याच्या 32 पर्यंत याद्या केल्या आणि ट्रेनिंग हा शब्द राहून गेला. आणि जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रकरणात निर्देश दिले त्यात शिक्षक आणि शिक्षकेतर अशा सगळ्या स्टाफला वर्षातून किमान दोनदा तज्ज्ञांकडून ट्रेनिंग द्या म्हटलंय, धोक्याची चिन्हं कशी ओळखायची, पहिला आधार कसा द्यायचा, पुढे कुणाकडे पाठवायचं हे सगळं. शिक्षकेतर हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटला. आमच्या लायब्ररीतल्या अटेंडंट ताईंना मुली जेवढं सांगतात तेवढं मला कधीच नाही सांगत.

मागच्या वर्षी एक दिवसाची कार्यशाळा केली, ती मात्र खरंच उपयोगी पडली. समुपदेशनाचं काम करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी आमचे तिघातिघांचे गट केले, एक विद्यार्थी, एक मेंटॉर, एक नुसता बघणारा. सात मिनिटं बोलायचं आणि मेंटॉरनं एकही सल्ला द्यायचा नाही, फक्त विचारायचं आणि ऐकायचं. मी चाळिसाव्या सेकंदाला "तू असं कर ना" म्हणाले. बघणाऱ्या सरांनी वहीत वेळ लिहून ठेवली होती, त्यांनी ती मला दाखवली. दुसऱ्या फेरीत मी तीन मिनिटांपर्यंत गेले, आणि त्या तिसऱ्या मिनिटाला 'विद्यार्थी' झालेल्या मॅडमनी तोपर्यंत न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्या नाटकच करत होत्या, तरी माझ्या अंगावर काटा आला. मला तेव्हा त्या पोरीचं "बरं मॅडम" आठवलं. त्या बाईंनी एक साधा प्रश्न शिकवला, मुलगा उठायला लागला की विचारायचं, "आणि हे का विचारावंसं वाटलं?" तो मी आता रोज वापरते.

त्यानंतर आम्ही पाच जणांनी ठरवलं की महिन्यातून एका शनिवारी भूगोलाच्या प्रयोगशाळेत नकाशाच्या मोठ्या टेबलाभोवती पाऊण तास बसायचं. एकानं एक केस मांडायची, नाव नाही, गाव नाही, आणि बाकीच्यांनी आधी फक्त प्रश्न विचारायचे. कसलं सर्टिफिकेट नाही, कॅसला पॉइंट नाहीत, तरी गेले दहा महिने चाललंय. सगळ्यात जास्त कामाचं सेशन घेतलं ते स्कॉलरशिपचं टेबल बघणाऱ्या आमच्या ऑफिसच्या भाऊंनी. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपच्या पोर्टलवर, मुलांचे पैसे का अडकतात हे त्यांनी एका कागदावर काढून दाखवलं. मुलगा म्हणतो बँकेला आधार लिंक आहे, आणि लिंक असतं पण, पण पैसे जातात ते सीडिंग असलेल्या, म्हणजे सरकारी पैसे जमा होण्यासाठी आधारशी जोडलेल्या, खात्यात आणि ते एका वेळी एकाच खात्याला असतं. मधे कुठेतरी कॅम्पमध्ये नवीन खातं उघडलं, अंगठा दिला, की सीडिंग तिकडे गेलेलं असतं, त्याचं पासबुक पण घरात सापडत नाही. माझ्याच यादीतल्या दोन मुलांचे पैसे अशाच विसरलेल्या खात्यात पडून होते. ज्यांच्या पानावर मी 'आर्थिक' लिहून 'समुपदेशन केले' म्हणून सही केली होती, तीच दोन मुलं.

एक गोष्ट मात्र बोलायलाच हवी. आमच्या पाचातले दोघं सीएचबीवर आहेत, तासाप्रमाणे पैसे. मेंटॉरच्या यादीत त्यांना मुलं दिलेली आहेत, पण मेंटॉरचा तास हा तास धरला जात नाही. कार्यशाळेला पाठवायचं म्हटलं की परमनंट लोकांची नावं आधी जातात. मुलं मात्र त्यांच्याकडेच जातात जास्त, वयानं जवळचे, व्हॉट्सअॅपवर रात्री अकराला पण उत्तर देणारे. त्यातल्या एका सरांना एकदा रात्री मुलाचा मेसेज आला, वाचून ते हादरले. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे हे त्यांना त्याच महिन्यात आमच्या शनिवारी कळलं होतं म्हणून त्यांनी मुलाला तो दिला, त्याच्या रूममेटला फोन करून जागं केलं, आणि सकाळी स्वतः त्याच्या खोलीवर गेले. मुलगा आता बरा आहे. त्या सरांना या कामाचा ना एक रुपया मिळाला ना कागदावर कुठे उल्लेख. हे बदलायला पाहिजे, ट्रेनिंगचा खर्च आणि वेळ आधी या लोकांवर व्हायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

फाईलचं म्हणाल तर ती आहेच. पण आम्ही ठरवलंय की फाईल तपासायला येणाऱ्या कुणालाही वाचता येईल एवढंच त्यात लिहायचं, मुलानं विश्वासानं सांगितलेलं तिथे लिहायचं नाही.

या जूनमध्ये नवीन यादी आली तेव्हा मी पहिल्याच भेटीत पेनानं दोन रकाने वाढवले. एक, गावाची शेवटची एसटी किती वाजता. दोन, घरचे कोणत्या महिन्यांत बाहेरगावी असतात. 32 पैकी 11 जणांची शेवटची एसटी तीनच्या आत आहे. ती यादी मी टाइमटेबल करणाऱ्या सरांना नेऊन दिली, त्यांनी चष्मा काढून दोनदा वाचली आणि म्हणाले हे आधी कुणी दिलंच नव्हतं. एका ओईची बॅच सकाळी साडेदहाला आली आहे. दुसऱ्याचं अजून चाललंय, कॉमर्सची खोली मोकळी होत नाहीये.

त्या मुलीला मी जूनमध्ये परत फोन केला होता. अजून नक्की नाही म्हणाली. साडेदहाच्या बॅचचा टाइमटेबल लागला त्या दिवशी मी त्याचा फोटो तिला पाठवला, दोन निळ्या टिका आल्या आहेत.