विकलेला एफएसआय आणि वाचलेली इमारत – माझा अनुभव

आमची इमारत आजोबांच्या वेळची, दोन मजली, दगडी भिंती, सागवानी जिना, आणि चारी बाजूंना टॉवर. हेरिटेज यादीत असल्यामुळे पाडता येत नाही, वर मजला चढवता येत नाही, आणि भाडं एवढं तुटपुंजं की गळणारं छप्परसुद्धा त्यातून नीट होईना, म्हणून शेवटी टीडीआर, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क विकण्याची सोय, घ्यायचं ठरवलं. समजा प्लॉट ५०० चौरस मीटरचा आहे आणि एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) ३, म्हणजे १५०० चौरस मीटर बांधता येतं, त्यातलं ९०० झालेलं असेल तर उरलेले ६०० दुसऱ्या कुणाला त्याच्या प्लॉटवर वापरायला विकायचे, एवढंच ते.

खरा वेळ गेला मोजणीत. जुन्या मंजूर नकाशात पोटमाळा दाखवलेलाच नव्हता, आणि प्रत्यक्षात माणूस ताठ उभा राहील एवढा पोटमाळा! मी टेपचं एक टोक धरून भिंतीला चिकटून उभी, आर्किटेक्ट मॅडम आकडे लिहितायत. ते सगळं वापरलेल्यात धरलं गेलं, आमचा हक्क तेवढा घटला आणि फाइल परत पहिल्या टेबलावर. वाईट वाटलं, पण हिशोब बरोबरच होता.

मग सह्या. मालकीत सात जण, त्यात एक चुलतभाऊ अडून बसला की उद्या इमारत पडली तर आपल्याला काहीच बांधता येणार नाही. त्याची भीती खोटी नाही, विकलेलं क्षेत्र त्या प्लॉटवरून कायमचं जातं, मुलानातवंडांनाही ते लागू. त्याला न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनचं सांगितलं, त्याच्या डोक्यावर पन्नासच्या वर मजल्यांचा टॉवर करायचा होता, परवानगी मिळाली नाही म्हणून मालक कंपनी कोर्टात गेली आणि १९७८ला सुप्रीम कोर्टात हरली, पण वरचा हक्क जवळच्या दुसऱ्या प्लॉटवर नेता येतो हे कोर्टाने धरलं होतं. स्टेशन आजही आहे. महिन्याभराने त्याने सही केली.

टीडीआरचं सर्टिफिकेट हातात आलं म्हणजे पैसे आले असं नाही हं. घेणारा बिल्डर लागतो, आणि त्याच्या भागात जादा बांधकाम चालत असावं लागतं. बाजारात एकदम खूप टीडीआर आला की भाव पडतो, आणि पालिकेला प्रीमियम भरून थेट जादा एफएसआय मिळत असेल तर बिल्डर आपल्याकडे कशाला येईल? आम्ही थांबून दोन हप्त्यांत विकला. बिल्डरच्या भागातल्या पाण्यावर, ड्रेनेजवर त्या जादा मजल्यांचा बोजा पडणार, हे मात्र मला फार उशिरा जाणवलं आणि अजून खटकतं.

पैसे वेगळ्या खात्यात ठेवले, वाटून घ्यायचे नाहीत हे सह्यांच्या वेळीच लिहून घेतलं होतं. छप्पर उघडलं तर तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कुजलेलं, बाकी लाकूड ठणठणीत, तेवढंच कापून नवीन सांधलं. भिंतींना सिमेंट लावू दिलं नाही, चुनाच, दगडातली ओल बाहेर पडायला हवी ना. आणि यंदा पावसात पोटमाळ्यावर बादली ठेवावी लागली नाही.