पाचव्या टप्प्यावर अडलेली गाडी

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनने 1950 साली आयुष्याचे आठ टप्पे मांडले, प्रत्येकात सोडवायचा एक प्रश्न. पहिले चार, म्हणजे विश्वास, स्वायत्तता, पुढाकार आणि उद्यमशीलता, साधारण 12व्या वर्षापर्यंतचे. पण ते तिथे कायमचे मिटत नाहीत. जुना प्रश्न पुढे नव्या रूपात उभा राहतो.

पुण्यात खरी अडचण पाचव्या, ओळखीच्या म्हणजे ‘मी कोण?’ हे ठरवण्याच्या टप्प्यावर दिसते. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शियाने 1966 मध्ये त्यासाठी दोन कसोट्या लावल्या: पर्याय धुंडाळले का, आणि एखाद्या पर्यायाशी स्वतःला बांधून घेतलं का? न धुंडाळताच बांधून घेणारं मूल घरच्यांना फार सोयीचं वाटतं. दहावीला 90 टक्के, म्हणून सायन्स, म्हणून इंजिनिअरिंग. वाद नाही, कटकट नाही. प्रश्न मात्र मिटलेला नसतो, पुढे ढकललेला असतो.

‘काय व्हायचंय?’ हा प्रश्न तसा निरुपयोगीच. त्यापेक्षा विचारा, ‘गेल्या 6 महिन्यांत काय करून पाहिलंस? काय सोडलंस, का?’ उत्तर ठाम, पण शब्द आईबाबांचे असतील, तर शोध झालेला नाही. नुसते खांदे उडवले, तर बहुधा शोधही नाही नि बांधिलकीही नाही. गोंधळलेलं, लांबलचक उत्तर आलं तर घाबरू नका. शोध चालू आहे.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी, तिशीकडे झुकलेली मुलं दिसतात. त्यांची बांधिलकी पक्की असते, पण निकालापर्यंत सहावा टप्पा, जवळिकीचा, ताटकळतो. तेव्हा स्थळांचा विषय काढण्याआधी त्यांनी स्वतःसाठी किती प्रयत्नांची मर्यादा घातली आहे, ते विचारा.